फीचे पैसे, दशमांश आणि ‘अधीन असा’

प्रश्न : मी नागपुरात सदर भागात राहते. वय ३४. एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि महिन्यातील दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. पती बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी करतात. लग्नाला ११ वर्षे झाली. मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ५ वर्षांची आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांना मधुमेह असून इन्सुलिन चालू आहे. मी लहानपणापासून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढले. पतींना दारूचे व्यसन होते. दोन वर्षांपूर्वी ते एका ख्रिस्ती फेलोशिपमध्ये (प्रार्थना-गटात) जाऊ लागले आणि तिथेच त्यांची दारू सुटली, याबद्दल मी रोज देवाचे उपकार मानते. पण आता मंगळवारी बैठक, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, महिन्यातून एकदा रात्रभराची प्रार्थना आणि रविवारचा पूर्ण दिवस असे चालते. दोघांच्याही पगारातून दशमांश (दहावा हिस्सा) दान म्हणून जातो. माझे एटीएम कार्ड त्यांच्याकडेच असते. एप्रिलमध्ये मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले २४,००० रुपये त्यांनी मला न विचारता नव्या सभागृहासाठी विशेष दान म्हणून दिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “प्रवचनातल्या संदेशात सांगितले आहे, पतीला विरोध करणारी पत्नी देवालाच विरोध करते.” ते हात उचलत नाहीत, ओरडतही नाहीत. मी ‘नाही’ म्हटले तर पाप होईल का? माझी मंडळी सोडून मी त्यांच्याबरोबर यावे, असाही त्यांचा आग्रह आहे, तो मानावा का? आणि रात्रपाळीहून आल्यावर प्रार्थनेला बसले की मला झोप लागते, त्याचीही फार खंत वाटते.

उत्तर :

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्याच ओझ्याखाली तुम्ही कित्येक महिने वावरत आहात असे पत्रावरून दिसते. मुलाच्या फीचे पैसे घरात राहावेत यासाठी पतीला ‘नाही’ म्हणणे हे पाप नाही. तसे म्हणताना तुम्ही देवाच्या विरोधात उभ्या राहत नाही. हे मी तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नसून, पवित्र शास्त्र हातात घेऊन आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून घालवलेली वर्षे आठवून लिहीत आहे.

दारू सुटल्याची गोष्ट तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच लिहिली, याचे मला फार मोल वाटले. ज्या घरात महिनाअखेरीस पगाराचे पाकीट रिकामे येत असे आणि मुले बापाच्या पावलांचा आवाज ऐकून झोपेचे सोंग घेत, तिथे आज तो माणूस शुद्धीवर घरी येतो, ही लहान गोष्ट नव्हे. त्या फेलोशिपमधील भावांनी त्यांच्याबरोबर संध्याकाळी घालवल्या नसत्या तर कदाचित हे घडले नसते. तेव्हा पुढे मी जे काही लिहिणार आहे ते त्या भावांचे उपकार विसरून वाचू नका, आणि पतीशी बोलतानाही तुमचे पहिले वाक्य त्या उपकाराचेच असू द्या. मात्र ज्यांनी आपल्याला दलदलीतून बाहेर काढले त्यांचा प्रत्येक शब्द देवाचा शब्द ठरतो, असे नाही. उपकार मानणे वेगळे आणि शिकवण तपासून घेणे वेगळे. बिरुया गावातील विश्वासू लोक प्रेषित पौलाचे बोलणेदेखील शास्त्रात रोज पडताळून पाहत असत आणि नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केलेली आहे.

आता ‘अधीन असा’ या वचनाबद्दल. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पाळकपदाच्या पहिल्या कित्येक वर्षांत लग्नविधीच्या वेळी मी पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडत असे आणि नेमका बाविसाव्या वचनापासून वाचायला सुरुवात करीत असे. ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे वाक्य मी नवरीकडे पाहून मोठ्याने वाचत असे. एका लग्नानंतर जेवणाच्या पंगतीत एक वयस्कर बाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुम्ही एक ओळ आधीपासून वाचत जा ना.” मी घरी जाऊन ती ओळ पाहिली. ती मी शंभरदा वाचलेली होती, पण लग्नाशी तिचा काही संबंध आहे असे माझ्या मनात कधी आलेच नव्हते. एकविसाव्या वचनात पौल सगळ्याच विश्वासणाऱ्यांना सांगतो की, ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी तुम्ही एकमेकांच्या अधीन राहा. म्हणजे पतीनेही पत्नीच्या. त्या बाईंचे म्हणणे मी पुढे आयुष्यभर पाळले, तरी ज्या मुलींच्या लग्नात मी ते अर्धे वाचले त्यांच्यापैकी कोणाच्या घरात त्या अर्ध्या वाचनाचा काय उपयोग झाला असेल, हा विचार मला आजही छळतो.

तुम्हाला कदाचित वाटेल की एकविसावे वचन वेगळे आणि बाविसावे वेगळे. तसे नाही. ग्रीक नव्या कराराच्या अतिशय जुन्या हस्तलिखितांपैकी काहींमध्ये बाविसाव्या वचनात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही. तिथे केवळ ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या’ एवढेच शब्द आहेत आणि क्रियापद मागच्या वाक्यातून घ्यावे लागते. मागचे वाक्य बाजूला काढले तर पुढचे वाक्य पूर्णच होत नाही. शिवाय वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. आपण आज वापरतो ते आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारापासून रूढ झाले आणि अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत तर या दोन ओळींच्या मधोमध ‘पती-पत्नी’ असा मथळा घातलेला असतो. मथळा दिसला की वाचणारा तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या पतींनी ऐकलेला संदेश बहुधा अशाच ठिकाणी सुरू झाला असावा.

आणि तो बहुधा लवकर संपलाही असावा. पत्नींना उद्देशून या अध्यायात तीन वचने आहेत, बाविसावे ते चोविसावे. त्यानंतर पंचविसाव्यापासून तेहेतिसाव्यापर्यंत जवळजवळ सगळे बोलणे पतींशी आहे. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिले, तशी तुम्ही पत्नीवर प्रीती करा. स्वतःच्या शरीराला जसे खाऊपिऊ घालून जपता तसे तिला जपा. त्या काळच्या इफिसमध्ये हे ऐकणाऱ्या पुरुषांना काय वाटले असेल, याचा थोडा विचार करा. ग्रीक जगात घराच्या कारभाराबद्दल लिहिण्याची पद्धत जुनी होती. अॅरिस्टॉटलनेही पती-पत्नी, पिता-मुले आणि धनी-दास अशा तीन जोड्या सांगितल्या आहेत, पण त्यांत बोलणे असते ते घरधन्याशी, त्याने कसे राज्य करावे याबद्दलचे. पौल त्याच तीन जोड्या घेतो, परंतु तो आधी पत्नीशी, मुलांशी आणि दासांशी थेट बोलतो, त्यांना विवेक असलेली माणसे समजून बोलतो, आणि घरधन्याला राज्य करायला न सांगता स्वतःला द्यायला सांगतो. पती हा पत्नीचे मस्तक आहे, असे याच अध्यायात म्हटले आहे. पण ‘मस्तक’ या शब्दाचा अर्थ पौलाने ख्रिस्ताकडून घेतला आहे, आणि त्या ख्रिस्ताने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ज्या पतीला घराचे मस्तक व्हायचे आहे त्याने आईच्या इन्सुलिनची वेळ सांभाळण्यापासून आणि रात्रपाळीहून आलेल्या पत्नीला चहा करून देण्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

फीच्या पैशांविषयी मात्र मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण खरा घाव तिथे बसला आहे.

दशमांशाविषयीच्या संदेशात बहुतेक वेळा जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातले, तिसऱ्या अध्यायातील दहावे वचन वाचले जाते. सगळा दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओततो की नाही ते पाहा, असे परमेश्वर तिथे म्हणतो. या वचनावर माझा विश्वास आहे. मी स्वतः पहिल्या पगारापासून दशमांश देत आलो आहे. पण तुम्ही आणि तुमचे पती दोघांनी मिळून एका संध्याकाळी त्याच मलाखीचे एक पान मागे उलटावे. दुसऱ्या अध्यायाच्या तेराव्या-चौदाव्या वचनांत संदेष्टा सांगतो की, परमेश्वराची वेदी आसवांनी, रडण्याने आणि उसाशांनी भिजून गेली आहे आणि म्हणून तो आता अर्पणाकडे पाहत नाही. लोक विचारतात, असे का? उत्तर येते की, तू आणि तुझ्या तारुण्यातील पत्नी यांच्यामध्ये परमेश्वर साक्षी होता आणि तू तिच्याशी विश्वासघाताने वागलास; ती तर तुझी सहचारिणी, तुझ्या कराराची पत्नी. तिथे पत्नीला टाकून देणाऱ्या पुरुषांविषयीचे बोलणे आहे, आणि तुमचे पती तसे नाहीत, हे मी जाणतो. तरीही आधी पत्नीशी केलेला करार आणि मग भांडारातले अर्पण, हा क्रम त्या पुस्तकात स्पष्ट आहे. ज्या संदेष्ट्याने दशमांश आणायला सांगितले त्यानेच, तुमच्या घरात बाई रडत असेल तर तुमचे अर्पण मला नको, हेही सांगून ठेवले आहे. पहिले वाचायचे आणि दुसरे झाकून ठेवायचे, हे उपदेश करणाऱ्याला शोभत नाही.

प्रभू येशूनेही हाच विषय एकदा अगदी थेट काढला होता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो की, आईबापांच्या पालनपोषणासाठी लागणारी वस्तू तुम्ही ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेली असे जाहीर करता आणि मग माणसाला आईबापांसाठी काहीच करू देत नाही. अशा रीतीने तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. तुमच्या घरातले २४,००० रुपये मुलाच्या नावाने बाजूला ठेवले होते. ते दान करण्यासाठी मोकळे नव्हतेच. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, इतक्या कठोर शब्दांत पौल बोलतो. हे वचन कोणाच्या तोंडावर फेकण्यासाठी मी देत नाही. पण “मी देवाला दिले, आता विचारायचे नाही” या वाक्याला शास्त्रात आधार नाही, हे तुमच्या मनात पक्के असावे म्हणून देत आहे.

खुद्द नियमशास्त्रातला दशमांशही घराला उपाशी ठेवणारा नव्हता. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात वार्षिक दशमांशाचे वर्णन आहे. ते अन्न कुटुंबाने परमेश्वरासमोर बसून आनंदाने खायचे, लेव्याला, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातील माणसाला, विसरायचे नाही, आणि दर तिसऱ्या वर्षी ते गावातील लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचे. नव्या करारात पौल करिंथच्या मंडळीला दानाविषयी दोन पूर्ण अध्याय लिहितो, तिथे तो टक्के सांगत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखाने किंवा भाग पाडले म्हणून नाही. आणि दान स्वीकारले जाते ते माणसाजवळ जे आहे त्यानुसार, नसलेल्यातून नव्हे. तुमच्या पगारातील दशमांश तुमच्या मनाने ठरवलेला आहे का? नसेल तर पौलाच्या कसोटीवर ते तुमचे दान ठरत नाही.

पतीच्या सर्व निर्णयांना मुकाट्याने मान देणारी पत्नी देवाला प्रिय असते, असे ज्यांना वाटते त्यांनी प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय वाचावा. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, पैसे लपवले आणि मंडळीसमोर खोटे बोलले. प्रेषित पेत्राने सप्पीरेला तिच्या पतीपासून वेगळे विचारले, एवढ्यालाच जमीन विकली का? तिने पतीच्या सुरात सूर मिसळला. पती म्हणाला म्हणून मी म्हणाले, असे म्हणण्याची सवड तिला मिळाली नाही. तिला तिचे स्वतःचे उत्तर द्यावे लागले. याच्या उलट बाजूला अबीगईल आहे. तिचा पती नाबाल याने दावीदाच्या माणसांना अपमान करून परत पाठवले, तेव्हा ती पतीला न सांगता भाकरी, द्राक्षारस आणि अंजिराच्या ढेपा घेऊन निघाली आणि तिने आपल्या सर्व घरादाराला वाचवले. तिला भेटून दावीदाने परमेश्वराचा धन्यवाद केला. मंडळीत अबीगईलवर प्रवचन फार कमी ऐकायला मिळते.

आता वेळेबद्दल. मंगळवार, शुक्रवार, रात्रभराची प्रार्थना, रविवार. प्रार्थनेसाठी दिलेला वेळ कमी करा असे सांगायला तुम्हाला संकोच वाटतो, ते साहजिक आहे. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील पाचव्या वचनात पौल नेमके याचविषयी बोलतो. पती-पत्नींनी प्रार्थनेसाठी एकमेकांपासून दूर राहायचे असेल तर ते दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरतेच असावे, आणि मग पुन्हा एकत्र यावे. ते बोलणे शरीरसंबंधाच्या संदर्भातले आहे, तरी त्यातून एक गोष्ट निर्विवाद कळते. प्रार्थनेसारख्या पवित्र कारणासाठीसुद्धा एकट्याचा निर्णय पौलाला मान्य नाही. आणि पेत्र पतींना सांगतो की, पत्नीबरोबर समंजसपणाने राहा, तिला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांमध्ये व्यत्यय येईल. हे लिहिणारा पेत्र लग्न झालेला होता. मार्कच्या पहिल्या अध्यायात शब्बाथ दिवशी सभास्थानातून बाहेर पडल्याबरोबर येशू त्याच्या घरी गेला, तिथे त्याची सासू तापाने पडली होती, आणि प्रभूने तिला हाताला धरून उठवले. उपासना संपली आणि पुढचे काम घरातल्या आजारी म्हातारीचे निघाले. शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंच्या इन्सुलिनची वेळ कोण पाहते, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण मला अंदाज आहे.

तरीही मी तुम्हाला असे सांगणार नाही की त्यांच्या सगळ्या बैठका बंद करायला लावा. कारखान्याची बस शहरात येऊन थांबते त्या वेळेपासून झोपेपर्यंतचे दोन-तीन तास हेच पूर्वी त्यांचे पिण्याचे तास असणार. ती पोकळी आज प्रार्थनेने भरलेली आहे. ती एकदम रिकामी करणे धोक्याचे आहे, आणि पुढे कधी पाऊल घसरलेच तर त्याचा दोषही तुमच्याच माथी येईल. म्हणून मागणी नेमकी ठेवा. मंगळवारची बैठक राहू द्या. शुक्रवार एक आड एक करा, ज्या शुक्रवारी तुमची रात्रपाळी असेल त्या दिवशी ते घरी. रात्रभराची प्रार्थना तुमच्या रात्रपाळीचा तक्ता पाहून ठरवावी. रविवारची दुपार मुलांची. आणि फेलोशिपची बैठक कधी तुमच्या घरी ठेवायचे ठरले तर तीस माणसांच्या चहाचे, आलूपोह्यांचे आणि भांड्यांचे काम येणाऱ्यांनीच वाटून घ्यावे, हे आधीच बोलून घ्या. मी अनेक घरांत पाहिले आहे, बाहेरच्या खोलीत स्तुतिगीते चाललेली असतात आणि घरची बाई संपूर्ण सभा स्वयंपाकघरात घालवते.

हे बोलायचे कधी आणि कसे? बैठकीहून ते भारलेल्या मनाने येतात त्या रात्री नको, आणि तुम्ही पाळीहून थकून आलेल्या सकाळीही नको. दोघांच्या सुटीच्या दिवशी, मुले झोपल्यावर, एक वही घेऊन बसा. त्यात महिन्याचा दोघांचा पगार लिहा, मग घरभाडे किंवा हप्ता, किराणा, इन्सुलिन, वीजबिल, मुलांची फी. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसरात्र चालणाऱ्या कूलरचे बिलही त्यात येऊ द्या. त्याखाली दान लिहा, दोघांनी मिळून ठरवलेले. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे फीची व्यवस्था करायला किती आठवडे आहेत तेही त्याच पानावर लिहा, आणि गेलेले २४,००० भरून कसे काढायचे याची जबाबदारी त्यांनी घ्यावी असे शांतपणे सांगा. फेलोशिपकडून ते परत मागावेत का? माझ्या मते, तुमच्या पतींनी तिथल्या पाळकांना निदान खरी परिस्थिती सांगावी. प्रामाणिक पाळक मुलाच्या फीचे पैसे सभागृहाच्या विटांत ठेवणार नाही.

एटीएम कार्ड मात्र परत घ्या. यात मला मधला मार्ग दिसत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तिच्या पतीचे मन तिच्यावर भरवसा ठेवते. घरखर्चासाठी दोघांचे मिळून एक खाते उघडा, त्यात ठरलेली रक्कम दोघांनी टाका, पण तुमच्या पगाराच्या खात्यावर तुमचा ताबा असला पाहिजे. तुमचे पती हात उचलत नाहीत हे तुम्ही लिहिले आहे, त्यावर माझा विश्वास आहे. तरी एवढे माहीत असू द्या की, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळाचाही समावेश आहे, आणि पत्नीची मिळकत तिच्या हाती न देणे ही ‘घरातली बाब’ म्हणून कायदा सोडून देत नाही. कायद्याची भाषा तुमच्या घरात बोलायची वेळ येणार नाही, अशी माझी प्रार्थना आहे. पण कधी मार बसला, धमकी मिळाली, तर उपवास करून वाट पाहत बसू नका; १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो लावा आणि आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा.

दोघांच्या बोलण्यातून मार्ग निघाला नाही तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने दिलेला क्रम वापरा. आधी एकांतात, मग एक-दोन जणांना बरोबर घेऊन. ते एक-दोन जण कोण असावेत, हे विचारपूर्वक निवडा. तुमच्या माहेरचे नकोत, कारण त्यांना पतीची जुनी दारू अजून आठवत असते आणि त्यांचे बोलणे तिथेच जाऊन पोहोचते. फेलोशिपमधील एखादे संसारी, मध्यमवयीन जोडपे आणि तुमच्या मंडळीतील पाळक व पाळकीणबाई, असे चौघे एकत्र बसले तर उत्तम. दोन मंडळ्यांची माणसे एका चटईवर बसणे, यात पतींचाही मान राहतो.

मंडळी बदलण्याविषयी तुम्ही विचारले आहे. त्यांच्याबरोबर अधूनमधून जरूर जा, तिथली गाणी मुलांना आवडतील, आणि ज्या ठिकाणी पतीला नवे जीवन मिळाले ते ठिकाण पत्नीने पाहिलेले असावे. पण केवळ त्यांच्या आग्रहापोटी तुमची मंडळी सोडू नका. आपल्याच भागात घडलेली एक गोष्ट आठवते. कवी नारायण वामन टिळकांचे बिऱ्हाड त्या काळात नागपूर-राजनांदगावकडे होते; राजनांदगावच्या एका रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी, पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, यांना तो आघात होता. त्या पतीमागे लगेच गेल्या नाहीत. दोघांची ताटातूट झाली, मग ती जवळ आली, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः पारखून, स्वतःच्या मनाने विश्वास धरला तो सुमारे पाच वर्षांनी. पतीच्या आज्ञेने त्यांनी पहिल्याच महिन्यात बाप्तिस्मा घेतला असता तर मराठी ख्रिस्ती समाजाला लक्ष्मीबाई मिळाल्या असत्या का, याबद्दल मला शंका आहे. तुमच्या घरात तर धर्मांतराचाही प्रश्न नाही. एकाच ख्रिस्ताकडे जाणाऱ्या दोन रीती आहेत, इतकेच.

आणि या दोन रीती एका छताखाली नांदू शकतात, याची साक्ष तुमच्या घरापासून जवळच उभी आहे. तुमच्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्येच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती. कोणाकडे बिशप होते, कोणाकडे नव्हते. कोणी बालकांना बाप्तिस्मा देत, कोणी फक्त स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांना. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य ठेवून ते एका पंगतीत प्रभुभोजनाला बसले. त्यासाठी चाळीस वर्षे एकमेकांचे ऐकून घ्यावे लागले. तुमच्या पतींना फेलोशिपमध्ये जाऊन दोनच वर्षे झाली आहेत. नव्या विश्वासाच्या भरात माणसाला सगळे घर एका दिवसात आपल्यासारखे व्हावेसे वाटते. तो भर ओसरल्यावर जे उरते ते अधिक खोल असते, असा माझा अनुभव आहे.

मुलांसाठी घरात रोज दहा मिनिटांची प्रार्थना ठेवा, एवढे मी सुचवीन. एक स्तोत्र, एक गाणे, आणि प्रत्येकाने एक वाक्य. स्तोत्र सासूबाईंनी म्हणावे. त्या पिढीच्या कित्येकांना ती तोंडपाठ असतात. तिथे कोणी संदेश देऊ नये.

आता राहिली तुमची झोप. रात्रभर रुग्णांच्या खाटांमध्ये उभे राहून, सलाइन बदलून, कोणाच्या उलट्या पुसून तुम्ही सकाळी घरी येता, डबे भरता आणि मग गुडघे टेकता, आणि डोळे मिटतात. जुन्या करारातील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा असाच थकून झुडपाखाली पडला होता, इतका की आता मरण यावे असे म्हणाला. देवदूताने त्याला प्रार्थना का करीत नाहीस, असे विचारले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली, तो खाऊन पुन्हा झोपला, तेव्हा त्याला झोपू दिले, आणि मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिले. पुढचा प्रवास लांबचा आहे, एवढेच कारण त्याला सांगितले. पाळीहून आल्यावर तुम्ही आधी पोटभर खा आणि पडदे ओढून झोपा. त्या सकाळी मुलांचे डबे भरणे आणि त्यांना शाळेत सोडणे हे काम वहीतल्या त्याच पानावर पतींच्या नावापुढे लिहून टाका.